गाडी चुकली पाहिजे

अंक आला, इलास! आला एकदाचा! छापखान्यातून गठ्ठे रिक्षात ठेवताना माझी अशी धांदल उडाली की रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्ही बसा गुमान, मी ठेवतो." मी बसलो आणि पहिलं काय केलं माहितीय? वरचा अंक काढून मधोमध उघडला आणि त्यात नाक खुपसलं. हे काम दरसाल तुझं असायचं. शाईचा वास घेऊन तू डोळे मिटायचास आणि म्हणायचास, "हाय, जिवंत हाय." यंदा मीच वास घेतला, मीच म्हणालो. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

तुला जाऊन पंधरवडा झाला नाही आणि मी लहान लेकरासारखा उड्या मारतोय. घरात बायको म्हणते, "तुमचा मित्र वारलाय का कुणाचं लगीन हाय?" आता तिला काय सांगू? दोन्ही एकदमच झालंय मला.

आणि तू काय म्हणशील तेही ठाऊक आहे. "दिग्या, मी मेलोय. तू बोलायलास कुणाशी?" बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या घरातला तू. आत्मा नाही, परलोक नाही, भूत तर नाहीच नाही. बरं बाबा, हवेशी बोलतोय समज. पण गोष्ट अशी घडलीय की हवेला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

तर पहिल्यापासून सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांना तू कोण हे कळलं पाहिजे. भिऊ नकोस, हे आपल्या अंकात छापणार नाही. अंकात रडारड नको ही तुझी ताकीद लक्षात आहे.

लातूर जिल्हा नवा झाला ते साल. उस्मानाबादेहून आपल्या वाटणीच्या फायली पोत्यांत भरून ट्रकानं आल्या, आणि नव्या कलेक्टर कचेरीत बसायला खुर्च्याच नाहीत. तुझी माझी गाठ मात्र कचेरीच्या आदल्या दिवशीच पडली होती, एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलपाशी. पुण्याहून एक मासिक यायचं, भुताखेतांचं, परग्रहांचं, जादूच्या दिव्यांचं, आणि अख्ख्या लातूरला त्याची एक प्रत. नवा अंक दोरीला लटकलेला दिसला आणि मी झडप घातली, तर दुसरं टोक एका काळ्याशेलाट्या माणसाच्या हातात. "सोडा." "तुम्ही सोडा." स्टॉलवाला ओरडला, "दोघंबी सोडा, फाटंल की!" तू काहीएक न विचारता मधल्या पिना उचकटल्यास, अंकाचे दोन तुकडे केलेस आणि पुढचा माझ्या हातात दिलास. म्हणालास, "हे तुमचं, मागचं माझं. उद्या हितंच बदलू." दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर व्हायला गेलो तर शेजारच्या पोत्यावर तू बसलेला. तू मुरुडहून रोज येणारा, मी इथल्याच देशमुख गल्लीतला. साहेब फायलींचे नंबर सांगत होता आणि आपण कुजबुजत होतो, "त्या विहिरीत शेवटी काय निघालं?" "तुम्ही सांगा, सुरुवातीला काय पडलं होतं?"

जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. तुला टंचाई शाखेत टाकलं. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या गावाला नुसतं आश्वासन, हे दिवसभर लिहून लिहून तू वाळून गेलास. "जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच," म्हणायचास. आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू वापरलेल्या कागदांच्या पाठीवर लिहिलेली एक कथा माझ्यापुढं टाकलीस. भविष्यातला मराठवाडा, जिथं पाऊस जमिनीतून आभाळाकडं पडतो. आधी विहिरी वर जातात, मग घागरी, मग बायकांच्या डोळ्यांतलं पाणी. मी पोत्यावर बसून वाचली आणि भाकरी तशीच हातात राहिली. तुला त्या दिवशी मी काय म्हणालो? "बरी आहे." अरे, बरी? मला रात्रभर झोप आली नव्हती! ते सांगायचं राहूनच गेलं. आता सांगतो. तसली कथा मी त्याआधी वाचली नव्हती आणि मला तुझा इतका हेवा वाटला की चार दिवस मी तुझ्याबरोबर चहाला आलो नाही.

पुण्याच्या मासिकानं ती परत पाठवली. तू म्हणालास, मग वर्षाला एक, आपलाच अंक काढू. असा "उलटा पाऊस" निघाला. गंजगोलाईजवळच्या छापखान्यात खिळे जुळवून छापलेला, तुझ्या दोन विज्ञानकथा, माझ्या दोन भुतांच्या, आणि औशाच्या एका मास्तरांची मंगळावरची. खिळे जुळवणारा वैतागून म्हणाला होता, "साहेब, तुमच्या भुतांनी माझे 'भ' संपवले, आता 'भीती' पुढच्या पानावर घाला." तू ती ओळ महिनाभर कचेरीत सगळ्यांना सांगत फिरलास. निघायची तारीखही आपण भांडून ठरवली. तुझा दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, माझी दिवाळी, तर या दोन्हींच्या मधला कुठलातरी दिवस.

आणि प्रकाशन! कुणी म्हणालं आमदारांना बोलवा, कुणी म्हणालं प्राचार्यांना. तू म्हणालास, "पुढाऱ्याला काय कळतंय? एसटी स्टँडवर चल." लांबच्या गाडीची वाट बघणारा एक माणूस हेरायचा. "एवढं जरा धरता का, आलोच," म्हणून अंक त्याच्या हातात द्यायचा आणि पसार व्हायचं. समोरच्या कँटीनमध्ये बसून बघायचं. हातात छापील कागद आला की माणूस उघडतोच. त्याची गाडी लागली, सुटली, आणि तरी तो वाचतच बसला, तर अंक पास. गाडी चुकली पाहिजे! त्याशिवाय भयकथा कशाची आणि विज्ञान कशाचं? मुरुडच्या गाडीचा माणूस धरायचा नाही, हा नियमही तुझाच, कारण ती चुकली तर कुणाचं काय बिघडतं, मागोमाग दुसरी असतेच. नांदेड, देगलूर, सोलापूर असली पाहिजे.

पहिल्या वर्षीचं आठवलं की अजून पोट धरून हसतो. घाईत तू अंक दिलास एका हवालदाराला, आणि त्याच्याशी बेडीनं जखडलेला एक आरोपी आहे हे आपल्याला कँटीनमधून दिसलं. "मेलो," तू म्हणालास. हवालदार वाचायला लागला. आरोपी त्याच्या खांद्यावरून वाचायला लागला. नांदेडची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या, डबल बेल झाली, गाडी गेली. आणि मग तो आरोपी कसा ओरडला, "अवो साहेब, पान उलटू नका ना, माझं व्हायचंय अजून!" आपण पळत गेलो, माफी मागितली, दोघांना चहा पाजला. हवालदार शिव्या देत होता, पण अंक सोडत नव्हता. आरोपी मला हळूच म्हणाला, "पुढचा निघाल्यावर मला द्या. पत्ता आतलाच असंल."

त्या दिवशी कँटीनच्या बाकड्यावर तू माझा हात हातात घेतलास आणि शब्द घेतलास. ज्या वर्षी कुणाचीच गाडी चुकणार नाही त्या वर्षी "उलटा पाऊस" बंद. रडारड नाही, निरोपाचा अंक नाही. बंद म्हणजे बंद. मी हसत हसत हो म्हणालो. तरुण होतो, वाटलं गाड्या जन्मभर चुकतच राहणार.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. माझ्या पहिल्याच कथेत भूत गावाबाहेरच्या चिंचेवरून उतरतं आणि वस्तीच्या अंगानं गावात शिरतं. प्रुफं बघताना तू पेन्सिल कानाला लावलीस आणि म्हणालास, "दिग्या, एक इचारू? तुम्हा लोकांची भुतं दरखेपी आमच्या वस्तीकडूनच कामून येतात?"

मी म्हणालो, "कथा आहे रे. परंपरा असते तशी."

"मी त्या वस्तीत जलमलो. अंधारात उठून पाण्याला गेलो, सरपणाला गेलो. एक भूत दिसलं न्हाई मला. भ्या वाटायचं ते गावात शिरताना." एवढं बोललास आणि लगेच हसलास, "चल, चहा पाज," म्हणालास. मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून हसलास, एवढं मला कळत होतं. त्यानंतर मी माझी भुतं नदीवरून आणली, डोंगरावरून आणली, निजामाच्या काळातल्या पडक्या चौकीतून आणली. तू दरसाल वाचून म्हणायचास, "आलं, पर गावातून न्हाई आलं."

आणि दुसरी तक्रार, मोक्षाची. माझ्या कथेत शेवटी भुताला कुणीतरी पिंड देतं, कुणी दिवा लावतं, कुणी त्याची राहिलेली इच्छा पुरी करतं आणि ते सुटतं. तुला याचा असा राग! "तुझी समदी भुतं सुटतात. वाचणारा बी सुटतो. मग त्याची गाडी कशी चुकंल?" मी म्हणायचो, अतृप्त जीव तृप्त झाला पाहिजे, ही माणुसकी आहे. तू म्हणायचास, "माणुसकी जित्यापणी दावा." यावर आपण किती भांडलो! कचेरीत, छापखान्यात, तुझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशाला. तुझी बायको शेवटी म्हणाली होती, "तुमच्या दोघांचंच भूत काढा कुणीतरी."

किल्लारीच्या भूकंपानंतर तू कित्येक महिने तिकडं ड्यूटीवर होतास. मी म्हणालो, यंदा अंक नको. भीतीच्या गोष्टी कुणाला सांगायच्या? तू एका दुपारी जीपमधून उतरलास, केसांत, भुवयांत धूळ, आणि म्हणालास, "काढायचा." पत्र्याच्या शेडमध्ये एका म्हातारीनं तुला विचारलं होतं, साहेब तुम्ही लिहिता म्हणे, काय लिहिता? तू तिथंच उभ्यानं उलट्या पावसाची गोष्ट सांगितलीस. सगळी शेड गोळा झाली. गोष्ट संपल्यावर म्हातारी म्हणाली, "लेकरा, आजून सांग. पर भुईचं नको सांगू. आभाळातलं सांग." हे मला सांगताना तू रडलास. मी तुला रडताना तेवढंच एकदा पाहिलं, आणि बशीतल्या चहाकडं बघत बसलो. त्या वर्षीचा अंक सगळा आभाळाचा होता, चंद्र, शेपटीवाले तारे, दूरचे ग्रह. स्टँडवर परीक्षा घेतली नाही. गठ्ठे सरळ जीपमध्ये घातले.

नंतर लातूर बदललं. स्टँडवर पाठीला दप्तर लावलेली क्लासची पोरंपोरी, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. तू निवृत्त होऊन लेकीकडं नांदेडला गेलास, पण अंकासाठी दरसाल यायचास. गाड्या चुकायच्या कमी झाल्या. गेल्या वर्षी तर एका मुलानं अंक दोन मिनिटांत परत दिला, वर म्हणतो, "काका, पीडीएफ हाय का?" तू त्याला काय बोललास ते इथं लिहीत नाही. मग तू अंक दिलास त्या सोलापूरच्या गृहस्थांना. त्यांची गाडी चुकली हे खरं, इलास. पण ते अंक तोंडावर घेऊन झोपले होते! घोरत होते! मी तुला दाखवलं, तू मान्य केलं नाहीस. "डोळे मिटून विचार करायलेत," म्हणालास. तू पहिल्यांदा खोटं बोलत होतास आणि का बोलत होतास ते मला कळत होतं. यंदा तसली सवलत चालणार नाही, हे आपण दोघंही न बोलता समजलो.

मग तुझा तो फोन. दवाखान्यातून. आवाज चिरका झालेला, पण हसू तेच.

"दिग्या, यंदा म्या भूत लिव्हलंय."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. "तू? भूत?"

"हाव."

"कुठून येतंय?"

"छापल्यावर वाच." आणि खोकला आला, आणि तुझ्या लेकीनं, मित्रानं, फोन घेतला. तुझी ती मित्रा, संघमित्रा, बापावर गेलीय नुसती. नंतर तिनं मला सांगितलं, "पप्पांनी कथा तुम्हाला द्यायची नाही म्हणून सांगितलंय. दिग्याला दिली तर तो भुताला मोक्ष देऊन मोकळा होईल म्हणाले." म्हणजे मी संपादक आणि मलाच बंदी! प्रुफं तिनंच बघितली, पानं परस्पर छापखान्यात पाठवली. मी इतका चिडलो होतो की तुला भेटायला आल्यावर आधी भांडणार होतो. आलो तेव्हा तू भांडायच्या अवस्थेत राहिला नव्हतास. मी तुझा हात धरून बसलो आणि उगाच हवापाण्याचं बोललो.

तू गेल्यावर सगळे म्हणाले, अंक पुढं ढकला, श्रद्धांजली विशेषांक करा, पहिल्या पानावर फोटो, काळी चौकट. एकानं तर मथळासुद्धा आणून दिला. तू असतास तर त्याला पळवून लावलं असतंस. काळी चौकट नाही, फोटो नाही. संपादक म्हणून दोघांची नावं आहेत, होती तशीच. पण रात्र रात्र मला एकच धास्ती. यंदा गाडी चुकली नाही तर? तू गेलास तो गेलासच, वर अंकही माझ्या हातून जायचा. दोन्ही एका महिन्यात. माझ्यात तेवढी ताकद नव्हती, इलास. मी एकदा तर ठरवलं होतं की परीक्षाच घ्यायची नाही. कोण विचारणार आहे?

पण नाही जमलं. तुझ्या पुण्यानुमोदनाचा, वंदना घेऊन तुझी आठवण काढायचा दिवस. कार्यक्रम दुपारनंतर नांदेडला, मी सकाळीच अंकाची पिशवी घेऊन स्टँडवर. नांदेडच्या फलाटावर एक बाई बसलेल्या, पन्नाशीच्या, मांडीवर रिकामा डबा. पोराला क्लासच्या होस्टेलवर सोडून नांदेडला परत निघालेल्या, कारण सारख्या फोनवर, "जेवलास का? पंखा चालतोय का?" फोन ठेवला आणि डोळे पुसले. मला वाटलं, ही बाई काही वाचायची नाही. तरी गेलो. "ताई, एवढं जरा धरता का, आलोच." आणि कँटीनऐवजी मागच्याच बाकड्यावर खांबाआड बसलो, कारण मलाही तीच गाडी धरायची होती. पिशवीतून दुसरा अंक काढला; तोवर तुझं पान उघडायचा धीर झाला नव्हता. म्हटलं, गाडी लागेपर्यंत तुझं भूत कुठून येतंय एवढं तरी बघू.

इलास, भूत गावातून आलं होतं!

भर दुपारी, वेशीतून, पायात कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा घालून. दुष्काळात गावच्या सगळ्या विहिरी आटलेल्या आणि एकट्या वस्तीच्या विहिरीला पाणी. सगळा गाव निमूट येऊन पाणी नेतो. एक पाटील तेवढा येत नाही, वस्तीचं पाणी पिणार नाही म्हणतो आणि ताठ्यानं तहानेनं मरतो. मग रोज भर उन्हात तो विहिरीवर येतो. सावली नाही, ओठ फुटलेले. वस्तीतली गयाबाई बादली वर ओढते. तो ओंजळ पुढं करतो. आणि ओंजळ भरल्यावर विचारतो, "कुणाच्या हिरीचं?" गया म्हणते, "आमच्या." ओंजळ उघडते, पाणी भुईवर. दुसऱ्या दिवशी परत त्या वहाणा. गया म्हातारी होते. लेक म्हणतो, आई, एकदा खोटं बोल, पाटलाच्याच हिरीचं म्हण, पिऊन जाईल बिचारा. आणि गया दुसऱ्या दिवशी बादली ओढते...

भर उजेडात, भोंगे वाजत असताना, चणेवाला ओरडत असताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वहाणांचा आवाज आला म्हणून मी मागं वळून बघितलं रे! कुणीतरी माणूस चालला होता आपला. शेवटची ओळ वाचली, गया म्हणते, "आमच्या हिरीचं हाय. गोड हाय. पी." आणि तो तसाच उभा. बस्स. संपली. मोक्ष नाही, पिंड नाही, काही नाही.

"अवो," समोरून आवाज आला, "नांदेडची गाडी?"

बाई उभ्या होत्या. बोट अंकात घातलेलं, तुझ्या कथेच्या पानावर. फलाट रिकामा.

"गेली," मी म्हणालो.

"कवा?"

"मलाबी कळलं नाही."

आणि मी हसायला लागलो. मोठ्यानं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. चुकली, इलास! एकाची नाही, दोघांची! तिची चुकली आणि संपादकाचीसुद्धा! झोपून नाही, चांगली टक्क डोळे उघडे ठेवून! त्या बाईंना वाटलं म्हातारा खुळावला. "हसायला काय झालं? माझी गाडी गेली, तुम्हाला हसू यायलंय!" मग मी त्यांना चहाला नेलं आणि सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या, "म्हंजे मुद्दाम चुकवली व्हय?" मग अंक पुढं सरकवून म्हणाल्या, "हे विहिरीचं कुणी लिव्हलंय? त्यांना सांगा, शेवट मला पटला न्हाई. कुठं असतात ते?"

"नांदेडला," मी म्हणालो. मग म्हणालो, "असायचा."

तुझ्यासाठी तो शब्द मी तोवर वापरला नव्हता. घरात नाही, छापखान्यात नाही, मित्राशी बोलताना नाही. चहाच्या टेबलावर एका अनोळखी बाईसमोर तोंडातून गेला आणि मग मला खरंच कळलं की तू गेलास. बाईंनी माझ्याकडं बघितलं. अंक परत आपल्याकडं ओढून म्हणाल्या, "मग तुम्हालाच सांगते."

पुढच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो आणि बाईंनी चाकूरपासून सुरुवात केली. "एवढं एक वाक्य खोटं बोललं असतं तर काय झालं असतं? बिचारा सुटला असता. बाईचं काळीज असं दगडाचं असतंय व्हय?"

"दगडाचं असतं तर जन्मभर रोज पाणी घेऊन उभी राहिली असती का?" मी म्हणालो.

"मग सुटू द्यायचं की त्याला!"

"त्याला अडवलंय कुणी? तहान त्याची, पाणी पुढ्यात. तिनं खोटं सांगितलं असतं तर तो तिच्या विहिरीचं नाही, आपलाच ताठा परत पिला असता. आणि तिची विहीर जन्मात तिची झाली नसती."

"पर माणुसकी हाय का न्हाई?"

"माणुसकी तीच दाखवतेय, ताई. रोज. गोड आहे म्हणते, पी म्हणते. आणखी काय करायचं तिनं?"

त्या मला आवरेनात आणि मी त्यांना. पुढच्या बाकावरचा एक जण वळून ऐकायला लागला, कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून विचारतो, "कोणती हिर? कोणत्या गावची?" अहमदपूरला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं बाईंची बाजू घेतली, तर मी त्याच्यावरही तुटून पडलो. बोलता बोलता माझा आवाज चढला होता, हात हवेत होते, आणि मी म्हणत होतो की वाचणाऱ्याला सोडायचं नसतं, भूत सुटलं की वाचणारा सुटतो.

लोह्याला गाडी थांबली तेव्हा बाईंनी पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. "प्या जरा. घसा बसला तुमचा. इतकं भांडायलात त्यांच्यासाठी, कोण लागत होते ते तुमचे?"

"कुणी नाही. जन्मभर त्याच्या विरुद्ध बोललो मी, ताई. ह्याच गोष्टीवर."

"मग आज?"

"आज तो बोलायला नाही ना," मी म्हणालो. "त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे."